बाईंची मान

मी खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं. मी म्हटलं, सिन्नर.

"बरं. या जिन्याने गच्चीपर्यंत जा आणि परत ये. पळायचं नाही, पण रेंगाळायचंही नाही."

मला वाटलं, गच्ची दाखवायची असेल. खाली आले तर त्यांनी माझं मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नाडी मोजली आणि म्हणाल्या, "ठीक आहे. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. नंतर तक्रार चालणार नाही."

त्या दिवसापासून तीन वर्षं मी त्या घरात सिन्नर होते. माझ्या आधीची भाडेकरू इगतपुरी होती. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी पेठ होत्या. मावशींचं खरं नाव मला वर्षभराने कळलं, तेही त्यांच्या आधार कार्डाची झेरॉक्स काढून द्यायची होती म्हणून. बाईंनी नाशिकच्या एका मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं पीटी शिकवली होती. खो-खोचे संघ घेऊन त्या जिल्हाभर फिरल्या होत्या. स्पर्धेत मुलीला नाव नसतं, ती तिच्या गावाची असते, असं त्यांचं म्हणणं. निवृत्त झाल्या तरी मैदान काही त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

शिट्टीही गेली नव्हती. सकाळी सहाला पाणी आलं की बाई गच्चीवर. एक लांब शिट्टी म्हणजे टाकी भरली, मोटर बंद करा. दोन आखूड म्हणजे चहा झालाय, खाली या. शेजारच्या बंगल्यात बँकेतून निवृत्त झालेले एक काका राहायचे. ते एकदा तक्रार घेऊन आले. बाईंनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, "तुमची टाकी रोज अर्धा तास वाहते. तुम्हीही एक शिट्टी घ्या." काका चहा पिऊन गेले.

बाई सोफ्यावर कधी बसायच्या नाहीत. स्टीलच्या एका स्टुलावर, पाठ कशालाही न टेकवता बसायच्या. रविवारी मिसळ खायला चालत जायच्या आणि चालत यायच्या. जाताना भूक लागते आणि येताना जिरते, म्हणून. मी कंपनीतून चिडून आले आणि त्यांच्यापुढे काही सांगायला लागले की आधी म्हणायच्या, "नीट उभी राहा, मग बोल." मी खांदे मागे घेऊन, पाय जुळवून उभी राहायचे. आणि असं उभं राहिल्यावर साहेबांबद्दलची निम्मी तक्रार सांगण्यासारखी वाटायचीच नाही.

तेव्हा त्यांचं वय सहासष्ट होतं. वीस लिटरचा पाण्याचा जार एका दमात उचलायच्या. पाठ फूटपट्टीसारखी. केस पांढरे, पण दाट, बॉयकट. कुणी पाठमोरं बघितलं तर चाळिशीतली बाई वाटावी. फक्त मान वेगळी होती. हनुवटीपासून गळ्याच्या खळीपर्यंत कातडीच्या दोन उभ्या दोऱ्या लोंबायच्या आणि मधली कातडी सैल पिशवीसारखी. त्या बोलायला लागल्या की ती हलायची. एखादी मुलगी वारंवार सांगूनही रांगेत उभी राहत नसावी, तशा त्या स्वतःच्या मानेकडे बघायच्या. "मान सोडून बाकी सगळं माझं ऐकतं," असं म्हणायच्या. सकाळी गच्चीवर तोंड आभाळाकडे करून जबड्याचे कसले कसले व्यायाम करायच्या. मान काही ऐकत नव्हती.

माझं दुसरं वर्ष चालू होतं. मार्चमधल्या एका रविवारी दोन आखूड शिट्ट्या झाल्या. खाली गेले तर चहाच्या कपाशेजारी एका हॉस्पिटलचा फॉर्म.

"सिन्नर, हे भरून दे. अक्षरं मुंगीएवढी आहेत."

मी भरत गेले. वय, रक्तदाब, ॲलर्जी. मग कोणती शस्त्रक्रिया, असा रकाना आला.

"नेक लिफ्ट," बाई म्हणाल्या. "मानेची जास्तीची कातडी काढतात आणि उरलेली ताणून बसवतात. कानामागे टाके येतात, हनुवटीखाली एक छोटी चीर. मी सगळं वाचलंय."

"बाई, पण कशाला?"

"मला ही मान नको आहे."

"पण काहीतरी कारण..."

"फॉर्ममध्ये कारणाचा रकाना आहे का?"

नव्हता. मी सही कुठे करायची ते दाखवलं.

दुसऱ्या दिवशी अंबडला कंपनीत डबा खाताना मी हे सगळ्यांना सांगितलं. सहासष्ट वर्षांची बाई, आरसा, मान. बाईंसारखी ताठ बसून, हनुवटी वर करून मी नक्कलही केली. सगळे खूप हसले, मीही हसले. नंतर जे कळलं त्यामुळे तो डबा मला अजून आठवतो.

कॉलनीत बातमी कशी पोचली कोण जाणे. शेजारच्या काकांनी मला फाटकाशी गाठून हळूच विचारलं, "जॉगिंग ट्रॅकवर कोणी भेटलंय का हो तुमच्या बाईंना?" मी ते बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "भेटला असता तर आधी त्याला जिना चढायला लावला असता." आणि पुन्हा वर्तमानपत्र वाचायला लागल्या.

आता त्यांच्या बहिणीबद्दल सांगायला हवं. बाईंनी लग्न केलं नव्हतं. थोरल्या बहिणीचे यजमान वारले, मूलबाळ नव्हतं, म्हणून बाई तिला आपल्याकडे घेऊन आल्या. त्या ताई. आम्ही सगळेच त्यांना ताई म्हणायचो. बाईंपेक्षा पाच वर्षांनी मोठ्या, ठेंगण्या, गोऱ्या, हळू आवाजाच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, त्यामुळे साधं पाणी मागितलं तरी ऐकत राहावं असं बोलायच्या. त्या बाईंना 'बेबी' म्हणायच्या. जिच्या शिट्टीला अख्खी शाळा घाबरायची तिला कोणी बेबी म्हणतंय, हे ऐकायला मला फार मजा वाटायची.

ताईंना विसरायला होत होतं. सुरुवातीला चष्मा, मग गॅस, मग दिवस. मी पहिल्या वर्षी त्यांच्यासाठी 'वरची मुलगी' होते. नंतर कोणीच नव्हते. आणि कधीतरी, नेमकं कधी ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, घरात 'बेबी' ही हाक ऐकू यायची थांबली.

फॉर्म भरल्यानंतर आठ-दहा दिवसांनी मी बाईंचा डबा परत द्यायला खाली गेले. स्वयंपाकघराच्या फरशीवर दूध सांडलं होतं. ताई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, नजर खाली. बाई फडकं घेऊन त्यांच्यासमोर होत्या.

"आई, मी नाही सांडलं," ताई म्हणत होत्या. "बेबीनेही नाही सांडलं. मांजर आली होती."

"ताई, मी बेबी आहे."

"बेबी घरात नाहीये, आई. ती अभ्यासाला गेलीय."

आणि मग ताईंनी दोन्ही हात पुढे केले, तळवे वर करून. एकाहत्तर वर्षांच्या बाईचे ते हात मागे जात नव्हते.

बाईंनी फडकं ओट्यावर ठेवलं आणि त्या माझ्या बाजूने बाहेर निघून गेल्या. मी दूध पुसलं, ताईंना खोलीत नेऊन बसवलं आणि बाहेर आले. बाई जिन्यावर बसल्या होत्या. जिन्यावर बसलेल्या बाई मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या. आम्हालाही त्या बसू द्यायच्या नाहीत.

"बस," त्या म्हणाल्या.

मी एक पायरी खाली बसले.

"आमचे वडील लवकर गेले. आई पंचवटीत यात्रेकरूंचा स्वयंपाक करायची. विधीला येणारी माणसं, चाळीस-चाळीस पानं. पहाटे चारपासून चुलीपुढे. तिला मी दोष देत नाही. पण तिचा हात उठायचा. दूध सांडलं, उठला. वरणात मीठ कमी, उठला. मी पळायचे. मागच्या दाराने सुटले की थेट नदीपर्यंत. सगळे मला विचारतात, बाई, तुम्ही एवढं पळायला कुठे शिकलात. तिथे शिकले." त्यांनी पायरीवरची धूळ हाताने पुसली. "ताईला पळता यायचं नाही. जी सापडायची तिला दोघींचा मार."

मी म्हटलं, "पण त्यांना तुम्ही आई का वाटता? तुमचा चेहरा तर..." हॉलमध्ये त्यांच्या आईचा फोटो होता. चेहरा बाईंसारखा अजिबात नव्हता.

"चेहरा माझा वडिलांचा आहे. मान आईची. अगदी अशीच, या दोन दोऱ्यांसकट. ताईने आईच्या तोंडाकडे कधी बघितलंच नाही. मार खाणारं पोर वर तोंडाकडे बघत नाही, सिन्नर. बत्तीस वर्षं शाळेत होते, मला माहितेय. ते इथपर्यंतच बघतं." त्यांनी गळ्याला बोट लावलं. "तिला आईची मान पाठ आहे."

मी खाली बघत राहिले. कंपनीतली नक्कल आठवत होती.

"आता कळलं कारण?"

"हो."

"फॉर्ममध्ये लिहिण्यासारखं नाही, म्हणून सांगितलं नव्हतं."

बाई नुसत्या भावनेवर काही करणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी वही काढली. एक आठवडा मान उघडी, एक आठवडा मान झाकलेली. तारीख, वेळ, ताई काय म्हणाल्या. एप्रिल संपत आला होता, ऊन मी म्हणत होतं आणि बाई घरात लोकरी मफलर गुंडाळून फिरत होत्या. साक्षीदार म्हणून पेठच्या मावशींना नेमलं होतं.

"बाई, घामोळं येईल तुमाला," मावशी म्हणायच्या. "त्या काय गळा बघून वळखत्यात व्हय? डोकंच थकलंय त्यांचं. लय दिस झालं."

"तू फक्त ऐकलेलं सांग, पेठ. मत नको."

मान उघडी असलेल्या आठवड्यात ताई रोज आई म्हणाल्या. झाकलेल्या आठवड्यात बहुतेक काहीच म्हणाल्या नाहीत. एकदा मात्र बाई पाण्याचा पेला घेऊन गेल्या तेव्हा ताईंनी वर बघितलं आणि विचारलं, "बेबी आली का हो?" बाईंनी त्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या होत्या. मी म्हटलं, बाई, हे काही ओळखणं नाही. त्या म्हणाल्या, "खो-खोत एवढीच फट पुरते."

मग मफलरच का नाही कायमचा, असं माझ्याही मनात आलं. पण त्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी बाई ताईंना भरवत असताना ताईंनी सहज हात घातला आणि मफलर ओढला. खालून आई निघाली. ताईंनी ताटलीखाली तोंड लपवलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. वहीतही त्या दिवसाची नोंद नाही.

हॉस्पिटलला मी सोबत गेले. डॉक्टरीणबाई पंचेचाळिशीच्या असतील. शांत. त्यांनी मान तपासली, कातडी चिमटीत धरून सोडली, रक्तदाबाची औषधं विचारली. फिजिशियनचं पत्र लागेल, भूल द्यावी लागेल, सूज आणि काळे-निळे डाग दोन-तीन आठवडे राहतील, सगळं सांगितलं. मग विचारलं, "आता का करावंसं वाटलं?"

बाईंनी वही काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी ती पहिल्या पानापासून वाचली. बाहेर पेशंट थांबले होते, तरी वाचली. शेवटी वही मिटून म्हणाल्या, "मी मान बदलू शकते. त्यांना ती बघून कोण आठवेल ते माझ्या हातात नाही. त्या तुम्हाला ओळखतील या आशेवर करणार असाल, तर मी करणार नाही."

"मग?"

"एक महिना थांबा. फक्त एवढंच ठरवा. बहिणीने ओळखलं नाही, कधीच ओळखलं नाही, तरी तुम्हाला ही मान नको आहे का? उत्तर हो असेल तर या."

बाईंना असं कोणी थांबवलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. आम्ही रिक्षाने निघालो. कॉलेज रोडच्या सिग्नलला म्हणाल्या, "चांगली कोच आहे."

त्या महिन्यात वही बंद होती. बाई गच्चीवर जबड्याचे व्यायामही करत नव्हत्या. बाकी सगळं तसंच होतं, शिट्ट्या, मिसळ, जिना. महिना झाला त्या सकाळी मी कामाला निघाले होते. बाई अंगणात झाडांना पाणी घालत होत्या.

"सिन्नर, ठरलं. अपॉइंटमेंट घे."

मी थांबले.

"ताईने ओळखलं नाही तरी मला ही मान नको आहे. आई तिला एकटीलाच दिसते असं नाही. मलाही दिसते. दात घासायला उभी राहिले की आरशात गळा दिसतो आणि या वयातही पाय दाराकडे वळतात. मी पळून पळून कुठे पोचले, तर तिच्याचपाशी." त्यांनी पाइप दुसऱ्या कुंडीत टाकला. "आणि मला छानही दिसायचंय. डॉक्टरने विचारलं तर तेही सांगणार आहे. त्यात काय वाईट आहे?"

"काही नाही, बाई."

"मग उशीर होतोय तुला, जा."

ऑपरेशन जूनमध्ये झालं. मी तीन दिवस रजा टाकली, पेठच्या मावशी रात्री ताईंजवळ झोपल्या. वॉर्डमध्ये बाईंनी पहिल्या तासातच सगळ्या नर्सना त्यांची गावं विचारून घेतली होती. भुलीतून बाहेर येताना त्यांनी पुटपुटलेला पहिला शब्द 'सुरगाणा' होता. त्या मुलीला पाणी मागत होत्या.

घरी आल्या तेव्हा त्यांना ओळखणं खरंच कठीण होतं. चेहरा सुजलेला, गाल पिवळे-जांभळे, हनुवटीखालून डोक्यावर घट्ट पट्टा. उशा रचून पाठीवर झोपायचं, मान वळवायची नाही, खाली घालायची नाही, शिट्टी वाजवायची नाही, अशा सूचना होत्या. पट्टा बघून ताई घाबरतील म्हणून बाई माझ्या खोलीत राहिल्या. मी खाली गादी टाकली. सहाला पाणी यायचं आणि त्या पलंगावर ताठ पडून तळमळायच्या. चौथ्या दिवशी शेजारचे काका जिना चढून वर आले. बाईंची तब्येत विचारायला म्हणून आले होते, पण जाता जाता म्हणाले, "शिट्टी कधी चालू होणार? सगळ्या कॉलनीच्या टाक्या वाहतायत."

मावशी रोज संध्याकाळी खालची खबर वर आणायच्या. ताईंनी एकदाच विचारलं होतं, आई कुठे गेली. मावशींनी सांगितलं, गावाला. "तवापासून दोन घास जास्ती जेवत्यात," मावशी म्हणाल्या. "काल गाणं म्हणत होत्या." बाईंनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, "चांगलं आहे."

टाके निघाले, सूज उतरली, डाग फिके झाले. पट्टा अजून होता, पण बारीकसा. एका सकाळी बाई म्हणाल्या, आज खाली जायचं. इस्त्रीची साडी नेसल्या. एरवी त्या ट्रॅकपँटवर असायच्या. जिना उतरताना मला त्यांचा हात धरावा लागला, कारण मान खाली घालून पायरी बघायला मनाई होती.

ताई खिडकीजवळ तांदूळ निवडत बसल्या होत्या. बाई दारात उभ्या राहिल्या. मी आणि मावशी त्यांच्या मागे होतो. ताईंनी वर बघितलं. गळ्यापाशी न थांबता नजर सरळ वर गेली, बाईंच्या तोंडाकडे. किती महिन्यांनी गेली असेल. त्या बघत राहिल्या आणि मग हसल्या.

"या ना. कोणाकडे आलात?"

बाईंचे खांदे किंचित खाली आले. मला पाठीमागून तेवढंच दिसलं. मग त्या म्हणाल्या, "तुमच्याकडेच."

"बसा की. चहा घ्याल?" तोच एक्स्चेंजमधला गोड आवाज. "मानेला काही झालंय का?"

"ऑपरेशन झालं."

"जपा हो. घरी कोण कोण असतं?"

"बहीण असते," बाई म्हणाल्या. त्या ताईंसमोरच्या खुर्चीत बसल्या, पाठ न टेकवता.

"मलाही आहे. धाकटी. बेबी." ताई तांदळातून खडे काढत बोलत होत्या, जणू काल भेटलेल्या शेजारणीशी. "फार जोरात पळते. आमची आई तापट आहे ना. आईचा सूर चढला की मी मागच्या दाराची कडी हळूच काढून ठेवते. आईला वाटतं, वाऱ्याने निघाली. बेबीलाही तसंच वाटतं."

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. मग विचारलं, "तिला सांगितलं नाही कधी?"

"छे. सांगितलं तर पळायचीच नाही ती. वेडी आहे. माझ्याजवळ उभी राहील, आणि दोघींना मार बसेल. त्यापेक्षा एकीने सुटलेलं बरं."

ताईंनी एक खडा काढून बाजूला ठेवला. बाई रडत होत्या. मान खाली घालायची नव्हती म्हणून ताठ बसून, समोर बघत रडत होत्या. पाणी गालांवरून ओघळून पट्ट्यात मुरत होतं. साठ वर्षं त्या समजत होत्या की आपण बहिणीला मागे टाकून पळालो.

"फार दुखतंय का?" ताईंनी विचारलं.

"थोडं."

"दुखणारच. बसा, चहा टाकायला सांगते. उद्याही याल ना?"

"येईन," बाई म्हणाल्या.

बाई शब्दाला पक्क्या. दुसऱ्या दिवसापासून त्या पहिल्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत राहायला गेल्या आणि रोज सकाळी नऊला, इस्त्रीची साडी नेसून, जिना उतरून, स्वतःच्या घराची बेल वाजवायला लागल्या. कधी राजगिऱ्याची वडी न्यायच्या, कधी सोनचाफ्याची दोन फुलं. पाहुणी रिकाम्या हाताने कशी जाणार. दुपारी ताई झोपल्या की वर यायच्या, संध्याकाळी पुन्हा बेल. ताईंना रोज त्या नव्याने भेटायच्या. रोज विचारपूस व्हायची, घरी कोण कोण असतं. आणि रोज थोडीथोडी बेबी सांगितली जायची. बेबीने शाळेच्या भिंतीवरून मारलेली उडी, बेबीचा तुटलेला दात, बेबीला पहिल्या पगारात घेतलेले कॅनव्हासचे बूट. कधी कडीची गोष्ट यायची, कधी नाही. बाई ऐकायच्या, आणि वर येऊन मला सांगायच्या, "मला हे काहीच आठवत नव्हतं."

'बेबी' अशी हाक मात्र त्यांना पुन्हा कधी आली नाही. एकदा मी विचारलंच, वाईट वाटतं का. त्या गच्चीवर होत्या, टाकी भरायची वाट बघत. मान फार सुंदर झाली होती. बंद गळ्याचे सगळे टी-शर्ट त्यांनी मावशींना देऊन टाकले होते आणि गोल गळ्याचे आणले होते. जॉगिंग ट्रॅकवर बायका थांबवून डॉक्टरचं नाव विचारायच्या आणि बाई लपवाछपवी न करता सांगायच्या.

"वाटतं," त्या म्हणाल्या. "पण ताईला उभ्या जन्मात मैत्रीण नव्हती. घर, नोकरी, घर. आता एक आहे. रोज येते." आणि त्यांनी शिट्टी तोंडात धरली.

पुढच्या वर्षी मला पुण्यात नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी सकाळी टेम्पो फाटकाशी उभा होता. शेवटची बॅग घेऊन मी जिना उतरले तर बाई आपल्या दाराबाहेर उभ्या होत्या, निळी साडी, हातात वड्यांची पुडी. बेल वाजवून झाली होती. माझ्या सामानामुळे त्यांना थोडा उशीर झाला होता; सकाळपासून दोऱ्या बांधायला त्याच वर होत्या. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी हात करून मला थांबवलं आणि दाराकडे खूण केली. आतून ताईंच्या सपातांचा आवाज हळूहळू जवळ येत होता. मावशी दार उघडू शकल्या असत्या, पण त्यांना तशी सूचना नव्हती. कडी दोनदा अडकली. बाई घाई न करता उभ्या होत्या.

दार उघडलं. ताईंनी बाईंच्या तोंडाकडे बघितलं आणि त्या मोकळं हसल्या.

"या, या. आज उशीर केलात."

"हो," बाई म्हणाल्या. "जरा उशीरच झाला मला."

आणि चपला बाहेर काढून त्या आत गेल्या.